डावा बूट

आमच्या वास्तुशांतीच्या दिवशी मी एकच वाक्य पन्नासेक वेळा तरी म्हटलं असेल. ‘चपला इथंच काढा हं, आत पूजा चाललीय.’ लिफ्टचं दार उघडलं की माणसं बाहेर यायची आणि माझी टेप सुरू व्हायची. एका हातात निरांजन, दुसऱ्या हातात मोबाईल, आत गुरुजी ‘यजमानीणबाई’ म्हणून हाका मारतायत, गॅसवर शिरा. त्यातच पुन्हा लिफ्ट उघडली आणि मामा बाहेर आले. डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी, नवी पँट, हातात घरच्या पेरूंची पिशवी आणि पायात पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज. टोपी आणि ते शूज एकाच माणसाच्या अंगावर बघून मला हसूच आलं. वाकून नमस्कार केला आणि वाकलेली असतानाच तोंडातून गेलं, ‘मामा, बूट इथंच काढा हं.’ मामांनी एकदा बुटांकडे बघितलं, एकदा दारातल्या चपलांच्या ढिगाकडे. म्हणाले, ‘हो हो. तू हो पुढं, मी आलोच.’ अर्ध्या तासाने बाहेर डोकावले तर ते लिफ्टशेजारी वॉचमनच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले, डावा पाय लांब केलेला. ‘आत या की.’ ‘असू दे गं, हितं वारा झ्याक लागतोय.’ प्रसाद तिथंच घेतला. जेवणाचं ताटही तिथंच नेऊन दिलं, गुडघ्यावर ठेवून जेवले. मला वाटलं, असतो एकेकाचा स्वभाव. चारच्या गाडीने ते गेलेसुद्धा.

तीन दिवसांनी मामीचा फोन आला. पूजेचं, साडीचं, पेरू गोड निघाले का याचं बोलून झाल्यावर ती सहज म्हणाली, ‘तेवढा बूट काढायला लागला नसता तर आत आले असते गं. बूट काढला की तो नवा पाय मागं ढकलतो त्यांना. परवा न्हाणीच्या दारात पडता पडता राहिले.’

आणि ‘नवा पाय घालून या’ असं फोनवर हट्टाने सांगणारी मीच होते.

मामांचा पाय 1993 मध्ये गेला. लोणंद-फलटण रस्त्यावर रात्री उसाची ट्रॉली उभी होती, मागे लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, आणि मामा मोटारसायकलवर. डावा पाय, गुडघ्याच्या खाली. मी तेव्हा चौथीत होते. दवाखान्यातून त्यांना घरी आणलं तेव्हाची सगळ्यात ठळक आठवण म्हणजे पायजम्याची ती रिकामी बाजू. मामीने ती वर दुमडून मोठ्या सेफ्टी पिनेनं टाचली होती. सोप्यात येणारा प्रत्येक माणूस मामांच्या तोंडाकडे बघून बोलायचा, इतकं निग्रहाने तोंडाकडेच, की तो कुठे बघायचं टाळतोय ते पोरांनाही कळायचं. आम्ही पोरं मात्र पिनेकडेच बघायचो. एकदा दुपारी मामा खाटेवर पडले होते आणि झोपेत त्यांचा हात खाली गेला, गुडघ्याच्या पुढे, जिथे काहीच नव्हतं तिथली चादर खाजवायला लागला. जागे झाले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘तळव्याला लई खाज सुटलीय गं. पर तळवा कुठंय?’ मी भिऊन स्वयंपाकघरात पळाले. आजीला सांगितलं तर तिने शांतपणे भाकरी थापतच उत्तर दिलं, ‘अंगाला सवय असती. लगेच कसं इसरंल ते.’ पुढे कितीतरी वर्षांनी रामचंद्रन नावाच्या मेंदूतज्ज्ञाच्या आरशाबद्दल वाचलं. चांगला हात आरशासमोर धरायचा, त्याच्या प्रतिबिंबाच्या जागी गेलेला हात दिसतो, तो हलताना दिसला की मेंदूची समजूत पटते आणि काही जणांचं दुखणं उतरतं. 1990 च्या दशकातलं हे काम, म्हणजे मामा चादर खाजवत होते जवळपास त्याच काळातलं. आजीचं वाक्य मला तेव्हा आठवलं होतं. तिच्याकडे आरसा नव्हता, पण तिने केलेलं निदान बरोबर होतं.

नवीन पायाचं घरात पहिल्यांदा नाव काढलं ते माझ्या वडिलांनी. पुण्यात लष्कराचं आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचं, 1944 सालचं, तिथे साध्या माणसांनाही पाय बसवतात, चौकशी करतो, असं ते म्हणाले. आजीने ऐकलं ते एवढंच की लिंबाचं सेंटर. ‘लिंबाचा पाय करत्यात व्हय? बरंय. कडुलिंबाला कीड लागत न्हाई.’ आमच्याकडे लिंब म्हणजे एकच. पालखी लोणंदवरून तरडगावला निघते तेव्हा वाटेत चांदोबाचा लिंब लागतो, तिथे माउलींच्या अश्वांचं पहिलं उभं रिंगण होतं, ते आजीने आयुष्यभर बघितलेलं. तिच्या दृष्टीने पायाचा आणि लिंबाचा संबंध असणं यात नवल काहीच नव्हतं. तिची ही समजूत कुणी दुरुस्त केली नाही. शेवटपर्यंत ती मामांच्या पायाला ‘लिंबाचा पाय’च म्हणायची.

प्रत्यक्षात पाय बसला तो पुण्यात नाही, सांगलीतल्या एका शिबिरात, आणि लिंबाचा नाही, जयपूरचा. शाळेला सुट्टी होती म्हणून मीही गेले होते. एका मंगल कार्यालयात शिबिर होतं, जिथे वऱ्हाडाच्या पंगती बसायच्या तिथे खुर्च्यांवर सगळी पाय गेलेली माणसं. मला वाटलं होतं मामा एकटेच असतील जगात. कोपऱ्यात प्लास्टरचं काम. उरलेल्या पायावर आधी पातळ मोजा चढवायचा, त्यावर कॉपिंग पेन्सिलीनं जांभळ्या खुणा, कुठे हाड टोचतं, कुठे मऊ आहे. मग ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या. ते वाळून निघालं की पोकळ साचा हातात येतो, त्यात प्लास्टर ओतून मामांच्या अर्ध्या पायाचा पांढरा पुतळा तयार. कारागीर तो पुतळा मांडीत घेऊन कानशीनं घासत बसला. गुडघ्याच्या वाटीच्या खाली जास्त घासला, कारण भार तिथल्या जाड नसेवर घ्यायचा असतो. नडगीच्या धारेवर उलट थोडं प्लास्टर चढवलं, म्हणजे तिथे पोकळी राहील आणि हाड घासणार नाही. मग भट्टीतून एक पाइप काढला. तोच, शेतात पाणी न्यायला पुरतात तो एचडीपीई पाइप, तापून दुधी-मऊ झालेला. दोघांनी हातमोजे घालून तो त्या पुतळ्यावर ओढला, उशीवर अभ्रा चढवावा तसा. त्या गरम प्लास्टिकचा वास मला आजही कुठे आला तर सांगलीच आठवते. संध्याकाळी मामा दोन काठ्यांमध्ये उभे राहिले. पहिलं पाऊल टाकलं आणि तोंड वाकडं केलं. पुन्हा घासणं, पुन्हा उभं राहणं. रात्री आठला ते कार्यालयाच्या पायऱ्या उतरले. घरी पोचलो तेव्हा आजी भाकरतुकडा घेऊन दारात. तिने तो मामांवरून ओवाळला आणि वाकून त्या रबरी पावलाला कुंकू लावलं, नव्या ट्रॅक्टरला लावतात तसं.

त्या पावलाला बोटं होती. नखंसुद्धा. रंग एकच, सगळ्या भारताला एकच असावा असा फिकट तपकिरी, मामांच्या रापलेल्या उजव्या पायाशेजारी तो कुणा शहरी माणसाचा उसना पाय वाटायचा. नाकाजवळ नेलं की सायकलच्या नव्या टायरचा वास. हा वास उगाच नव्हता, हे नंतर कळलं. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हाडांचे डॉक्टर होते, आणि तिथेच रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर, सगळे ज्यांना मास्टरजी म्हणत. शाळा फारशी न शिकलेला पण हाताला जे दिसेल ते घडवणारा माणूस. सायकल पंक्चर झाली म्हणून ते एका टायरवाल्याकडे थांबले, तिथे ट्रकच्या टायरवर नवं रबर चढवणं चाललेलं, आणि ते बघून त्यांच्या डोक्यात पाऊल आलं, अशी गोष्ट सांगतात. 1968 च्या सुमाराचं हे काम. आत स्पंज रबर आणि लाकूड, बाहेरून भट्टीत पक्कं केलेलं रबर, म्हणून घोट्यात सगळ्या बाजूंना लवतं. तोवर जे पाय मिळायचे ते विलायती घडणीचे. घोटा घट्ट, बुटाच्या आत लपवायचे, बूट नसेल तर लाकडाचा ओंडका. ज्या माणसाला उकिडवं बसायचंय, मांडी घालायचीय, चिखलात भाताची लावणी करायचीय, त्याने तो पाय कोपऱ्यात उभा करून कुबड्या घेतल्या तर नवल नाही. सेठींना 1981 मध्ये मॅगसेसे मिळालं. त्यांनी पेटंट घेतलं नाही. 1975 पासून जयपूरची एक संस्था तो पाय फुकट बसवते, जगभर शिबिरं घेते, हे सगळं आपण कधीतरी वाचलेलं असतंच. मला त्यातलं एवढंच पुन्हा पुन्हा आठवत राहतं, की कुणीतरी आधी माणसं बसतात कशी, ते बघितलं होतं.

मामांनी त्या पायावर काय नाही केलं. तीन-चार वर्षांत पाऊल फाटायचं, पाइपाला तडा जायचा, की पुन्हा कुठलं तरी शिबिर गाठून नवा. रात्री बाराला लाईट आली की मोटार चालू करून उसाला दारं धरायला तेच जायचे, अनवाणी, कमरेला बॅटरी. मामी ओरडायची, साप-किरडू चावेल. ‘डाव्याला चावला तर त्येचेच दात पडतील,’ हे ठरलेलं उत्तर. बांधावर उकिडवं बसून तंबाखू मळायचे. परतले की हातपाय धुताना चारी बाजूंनी तोही पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्यांत अडकलेला चिखल काडीने काढायचे. हे मी बघितलंय आणि मला ते कधीच विचित्र वाटलं नाही. विचित्र वाटायचं ते रात्री. झोपताना पाय काढून ते खाटेखाली ठेवायचे, पाऊल बाहेर डोकावणारं. आम्ही लपाछपी खेळताना एकदा माझा मावसभाऊ खाटेखाली शिरला आणि किंचाळत बाहेर आला, ‘खाली कोणतरी झोपलंय!’ त्यावर मामा इतके हसले की ठसका लागला. सगळंच काही हसण्यासारखं नव्हतं, हेही लिहायला हवं. मे महिन्यात साॅकेटात, म्हणजे उरलेला पाय ज्या खोबणीत बसतो तिच्यात, घाम साचून कातडी पांढरी, भिजल्यासारखी व्हायची, मग सोलायची. चार-चार दिवस पाय घालता यायचा नाही. त्या दिवसांत मामा कुणाशी बोलायचे नाहीत. संध्याकाळपर्यंत उरलेला पाय आकसतो, साॅकेट ढिलं होतं, चालताना पक्-पक् असा हवेचा आवाज येतो, मग आणखी एक मोजा, त्यावर आणखी एक. लग्नात आहेराला लोक मामांना पँटपीस द्यायचे, मी मोजे द्यायचे.

नवा पाय मामेभावाच्या हौसेचा. तो हिंजवडीत नोकरीला, वडिलांनी आयुष्यभर पाण्याच्या पाइपावर काढलं याची त्याला आतून बोच होती. साडेचार लाख. आत सिलिकॉनचं मऊ पायमोज्यासारखं आवरण, त्याला टोकाशी दातेरी खिळा, तो साॅकेटातल्या कुलुपात जातो. उभं राहताना भार पडेल तसा आवाज होतो, टक्, टक्, टक्. घाम येतोच, पण घासणं जवळजवळ संपलं. आणि पाऊल कार्बन फायबरचं. वॅन फिलिप्स नावाच्या अमेरिकन माणसाने 1984 च्या सुमाराला ही कल्पना बाजारात आणली. त्याचा स्वतःचा पाय तरुणपणी पाण्यावरच्या स्कीइंगमध्ये गेलेला, आणि मिळालेला पाय त्याला मान्यच होईना. टाच टेकली की ही पट्टी वाकते, अंगाचा भार स्वतःत साठवते आणि पाऊल उचलताना परत देते. मामांच्या भाषेत, ‘मागनं कुणी हळूच ढकलल्यागत.’ पहिल्या आठवड्यात ते वस्तीवरून स्टँडपर्यंत चालत गेले आणि चालतच परत आले, वाटेत कुठेही न टेकता. असं मामी म्हणाली तेव्हा तिचा आवाज जड झाला होता. त्यामुळे नवा पाय म्हणजे नुसता दिखावा, जुनं ते सोनं, असं काही मला म्हणायचं नाही. तसं म्हणणं सोपं पडलं असतं.

त्या पायाच्या मापाला मी मामांसोबत गेले होते. पुण्यातलं एक छोटं सेंटर, एसी, मंद गाणी. पण बाकड्यावर बसलेली माणसं सांगलीच्या कार्यालयातलीच. साखरेच्या आजाराने अंगठ्यापासून सुरू होऊन मांडीपर्यंत गेलेल्या एक आजी. कडबाकुट्टीत मनगट गेलेली एक मुलगी, ओढणीचं टोक त्या हातावर असं टाकलेलं की बघणाऱ्याला ती फॅशन वाटावी. आणि चाकणच्या कारखान्यातला एक पोरगा, असेल चोवीस-पंचवीसचा, डावा पाय मांडीतून गेलेला. त्याला त्या दिवशी कॉम्प्युटरचा गुडघा ट्रायलला लावणार होते. मांडीतून पाय गेला की खरी अडचण गुडघ्याची असते. साधा गुडघा कधी दुमडेल याचा नेम नसतो, माणूस चालताना सतत त्याच्याच धाकात असतो. कॉम्प्युटरच्या गुडघ्यात सेन्सर असतात. 1997 मध्ये जर्मन कंपनीचा असा पहिला गाजलेला गुडघा आला तेव्हाच तो सेकंदाला पन्नास वेळा अंदाज घ्यायचा की पाय कुठे आहे, भार किती आहे, आणि तेवढ्याच वेगाने आतलं तेल रोखायचा किंवा सोडायचा.

टेक्निशियनने मोबाईलवर काहीतरी जुळवलं आणि पोरगा दोन दांड्यांमधून चालायला लागला. दोन फेऱ्यांनंतर दांडे सोडले. मग उतारावर. उतारावर त्याने नेहमीसारखा आधी चांगला पाय टाकून थांबायचा पवित्रा घेतला. टेक्निशियन म्हणाला, ‘थांबू नको, भार टाक, तो धरतो.’ पोरग्याने भार टाकला. गुडघा हळूहळू, मुंगीच्या पावलांनी दुमडला आणि त्याने त्याला अलगद खाली आणलं. पोरगा उताराच्या खाली पोचला आणि मागे वळून आईकडे बघून नुसता हसला. आई त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती, गुडघ्याकडे बघत होती. ‘गाडी चालवता येईल का?’ त्याने विचारलं. येईल, म्हणाले. वीस मिनिटं तो चालला, उगाचच, कोपऱ्यातलं पाणी प्यायला जाऊन आला, दार उघडून बंद करून बघितलं. मग तो खुर्चीत बसला, गुडघा सोडवला आणि टेक्निशियनने तो फडक्यानं पुसून काळ्या बॅगेत, फोमच्या बरोबर त्याच आकाराच्या खाचेत ठेवला. बॅगेची दोन कुलपं लागली. पोरग्याने आपला जुना पाय चढवला, आणि बाहेर जाताना त्याची चाल पुन्हा तीच झाली, खांदा टाकून, पाय फेकून.

मामा कितीतरी वेळ दाराकडे बघत होते. किंमत त्यांनी विचारली नाही. मी घरी येऊन शोधली. इस्रोने 2022 मध्ये असा गुडघा बनवत असल्याचं जाहीर केलं तेव्हा म्हटलं होतं की बाहेरून येणाऱ्या गुडघ्याला 10 ते 60 लाख पडतात आणि आपला दहापट स्वस्त असेल. त्याच वर्षी आयआयटी मद्रासने ‘कदम’ नावाचा बिनकॉम्प्युटरचा पण शहाणा गुडघा आणला, जास्त दुमडणारा, बसमध्ये-रिक्षात बसताना अडचण होऊ नये असा. हे वाचताना मला बरं वाटतं. मग ती काळी बॅग आठवते.

नंतर मामांचा नंबर. टेक्निशियन पोरगेला, हुशार, हात अतिशय हळुवार. त्याने मामांना लेझरच्या रेषेसमोर उभं केलं, षटकोनी पान्याने घोट्यातले चार छोटे स्क्रू सैल केले, पुन्हा आवळले. मग विचारलं, ‘काका, रोज पायात काय घालता?’

‘चप्पल.’

‘टाच केवढी?’

मामा माझ्याकडे बघायला लागले. साठ वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नसणार. शेवटी भावाने स्पोर्ट्स शूज आणले होते तेच पिशवीतून काढले. टेक्निशियनने मोजलं, मागची बाजू पुढच्यापेक्षा सेंटिमीटरभर उंच. त्या सेंटिमीटरवर अख्खा पाय जुळवला गेला. नळी ओळंब्यात, गुडघा ओळंब्यात. ‘हेच बूट घालायचे बरं का, नाहीतर सेम टाचेचे. आणि चिखलापाण्यात नेऊ नका.’ मामा मान हलवत होते. मीही हलवत होते. आम्ही दोघांनी ऐकलं आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की आपल्याकडे माणूस दिवसातून किती वेळा बूट काढतो. घरात, देवळात, शेजाऱ्याच्या सोप्यात, दशक्रियेच्या घाटावर, बँकेच्या मॅनेजरने नवीन फरशी घातली तर बँकेतसुद्धा. बूट काढला की टाच सेंटिमीटरभर खाली जाते, नळी मागे कलते, गुडघा मागे ओढला जातो, आणि सपाट फरशीवर उभा माणूस चढावर उभा असल्यासारखा होतो. मी हे गणित आता कळल्यावर लिहितेय. वास्तुशांतीच्या दिवशी मामांना ते दारातच कळलं होतं. ते फक्त बोलले नाहीत.

का बोलले नाहीत, यावर मी बऱ्याच रात्री घालवल्या. पन्नास माणसांसमोर सांगायचं, की माझा हा बूट म्हणजे बूट नाही, पायाचाच भाग आहे? आणि मग कुणीतरी ‘असू द्या हो, तुम्ही तसेच या’ म्हणणार, आणि पूजेच्या घरात बूट घालून बसलेला तो एकच माणूस. 2021 मध्ये सुधा चंद्रन यांनी एक व्हिडिओ टाकला होता. दर वेळी विमानतळावर तपासणीत पाय काढायला लावतात, आम्हाला एखादं ओळखपत्र तरी द्या, अशी हात जोडून विनंती. 1981 च्या अपघातात पाय गेल्यावर 1984 मध्ये जयपूर फूटवर त्या मुंबईत पुन्हा भरतनाट्यमला उभ्या राहिल्या, त्यांच्यावर सिनेमा निघाला, सगळा देश त्यांच्या पायाला ओळखतो. तरी दारात उभं राहून समजावून सांगणं सुटलं नाही. सुरक्षा दलाने तेव्हा त्यांची माफी मागितली. मी तो व्हिडिओ त्या वेळी ‘किती हे असंवेदनशील’ असं लिहून पुढे पाठवला होता. पाठवलेल्यांत मामेभाऊही होता.

दिवाळीत आजोळी गेले तेव्हा मामा गोठ्यात होते, जुन्या पायावर, अनवाणी, शेणात. नवा पाय कपाटात, बूट घातलेलाच, शेजारी मामीच्या साड्या. ‘हा घरचा, तो गावचा,’ मामा म्हणाले, जशी काही ही जगातली सगळ्यात साधी वाटणी आहे. मग तोंड धुऊन आले, खाटेवर बसले, आणि मी माफी मागायला तोंड उघडलं तेवढ्यात मला म्हणाले, ‘ती स्वीडनची काय गंमत दाखवत होता आमचा बाळू? हाडातच बोल्ट बसवत्यात म्हणं.’ खरं आहे ते, मी सांगितलं, 1990 पासून करतायत, टायटॅनियमचा दांडा हाडात रुजतो, साॅकेट लागतच नाही. मामांनी विचार केला. ‘म्हंजे नांगराचा फाळ बदलल्यागत पाय बदलायचा. बरंय की. पर मग झोपताना खाटंखाली काय ठिवायचं?’ माझी माफी राहूनच गेली. मामांनी ती मुद्दाम राहू दिली असावी.

संक्रांतीनंतर ते डोळे तपासायला पुण्यात आले. मी दाराबाहेर खुर्ची मांडून ठेवली होती आणि ‘बूट असू द्या’ हे वाक्य लिफ्टचा आवाज आल्यापासून जिभेवर. पण मामा खुर्चीत बसले आणि त्यांनी दोन्ही बूट काढले. मग शर्टाच्या खिशातून एक रबराचा तुकडा काढला. जुन्या स्लिपरच्या टाचेचा, वरून पांढरा, खालून निळा, ब्लेडने कापून पुढच्या बाजूला उतार दिलेला. डाव्या मोज्यात हात घालून तो त्यांनी टाचेखाली सरकवला, मोजा ताणून बसवला, अंगठ्याने चाचपला. ‘टक्, टक्’ करत उभे राहिले. एकदा उजवीकडे भार, एकदा डावीकडे. ओळंब्यात.

‘चार कापल्या तवा एक जमली,’ म्हणाले, आणि उंबरा ओलांडून आत आले. आधी देवापुढे उभे राहिले, मग सगळ्या खोल्या हिंडून बघितल्या, बाल्कनीत कुंड्यांना पाणी जास्त होतंय म्हणून सांगितलं, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून चहा प्यायले.

ते गेल्यावर रात्री दार लावताना तो तुकडा खुर्चीवर दिसला. बूट चढवताना काढून ठेवला आणि विसरले. मी लगेच फोन लावला. बसमध्ये होते, मागे कंडक्टरचा आवाज. म्हटलं, कुरिअर करते उद्याच.

‘कशाला? माझ्याकडं हाय दुसरी. ती तुझ्याकडंच ठिव,’ मामा म्हणाले, ‘चपलांच्या कपाटात.’